तयारीकर

तयारीकर हे त्याचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं भारदस्त, जोडाक्षरी आहे, पण मिनिआपोलिसच्या मराठी गोतावळ्यात ते आता त्याच्या पासपोर्टापुरतं उरलंय. बाकी सगळे त्याला तयारीकर म्हणतात आणि तो बिनतक्रार ओ देतो.

माणूस मूळचा सदाशिव पेठेतला. म्हणजे सायकल अंगवळणी पडलेली आणि मत जिभेवर तयार. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने पाहिलं, की उणे पंधरा सेल्सिअसमध्ये, मिशांवर बर्फ जमलेली माणसं खुशाल सायकलवरून कामाला चालली आहेत. शहरही त्यांची बडदास्त ठेवतं. जुन्या मिलवॉकी रोड रेल्वेच्या चरातून, बऱ्याच ठिकाणी रस्त्यांच्या पातळीखालून, मिडटाउन ग्रीनवे नावाचा साडेपाच मैलांचा मार्ग जातो आणि बर्फ पडला की पुष्कळदा तो आजूबाजूच्या गल्ल्यांच्या आधी साफ होतो. तयारीकरचं घर त्या मार्गाच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाजवळ. ‘हे तर विधिलिखित आहे,’ तो म्हणाला, आणि त्याच रात्री त्याने एक्सेलची फाइल उघडली.

ती फाइल अजून बंद झालेली नाही.

या जातीची माणसं आळशी असतात असं कुणी समजू नये. आळशाला काम नकोच असतं. तयारीकरला काम मनापासून हवं असतं. फक्त हात घालण्याआधी त्यातल्या एकेका अडचणीशी त्याला घसट वाढवायची असते. आणि सायकलस्वारासाठी अडचणी पैदा करण्यात मिनेसोटाचा हात धरणारा मुलूख विरळा.

‘थंडीने सायकलला काही होत नाही,’ तो समजावून सांगतो. ‘लोखंडाला कधी न्यूमोनिया झालेला ऐकलायस? सायकल खातं ते मीठ.’ मग पुढचा अर्धा तास मीठ. रस्त्यावर टाकलेलं साधं मीठ बर्फ वितळवतं, पण रस्त्याचं तापमान उणे नऊच्या खाली गेलं की त्याचा जोर सरतो. मग मॅग्नेशियम क्लोराइडसारखे क्षार वापरतात. ते हवेतली ओल धरून ठेवतात आणि चेनला चिकटून बसतात. अशा रेंद्यात चेन लाल होते, कड्या आखडतात, मागच्या दातेरी चकत्यांमध्ये बर्फ घट्ट बसतो आणि चेन चढावर नेमकी उड्या मारू लागते. एवढं ऐकवल्यावर तो जेवणाच्या टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे अशा नजरेने बघतो, की वाढणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

तात्पर्य, उघडे गिअर बाद. गिअर हवेत चाकाच्या हबमध्ये, कडीकुलपात. मूळच्या इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरवाले हब 1902 पासून चालत आले आहेत. शिमानोचे आठ गिअरवाले मिळतात. आणि अगदी सोन्याचा घास हवा तर जर्मनीच्या रोलॉफचे चौदा गिअर. रोलॉफची किंमत ऐकून वहिनींनी शांतपणे विचारलं, ‘एवढ्यात पुण्याची एक खेप होते ना रे?’ त्याने प्रामाणिकपणे फाइलमध्ये नवा रकाना उघडून ‘पुणे खेप’ असं लिहिलं.

गिअर आत गेले तरी चेन बाहेरच. म्हणून चेनही बाद, तिच्या जागी गेट्सचा कार्बनच्या दोऱ्यांचा पट्टा. गंज नाही, तेल नाही, पँटला काळे डाग नाहीत. पण पट्ट्याला चेनसारखी सुटणारी कडी नसते. तो चढवायचा तर फ्रेमचा मागचा त्रिकोण कुठेतरी उघडता यावा लागतो. याच्या सायकलीचा त्रिकोण अखंड निघाला आणि त्या रात्री चांगली धडधाकट फ्रेम बाद झाली. नव्या फ्रेमला डिस्क ब्रेक, म्हणून जुनी चाकं बाद. नवी चाकं घेतोच आहोत तर पुढच्या हबमध्ये डायनॅमो हवा, कारण डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बर्फावर घसरू नये म्हणून लावायचे खिळ्यांचे टायर पस्तीस मिलिमीटर रुंद, त्यावर मडगार्ड, आणि दोन्हींच्या मध्ये बर्फाला जायला जागा हवी. तेवढी जागा नव्या फ्रेममध्ये नाही, म्हणून नवी फ्रेमही बाद. ती अजून विकतसुद्धा घेतली नव्हती. न घेतलेल्या वस्तू मोडीत काढण्यात तयारीकरचा हातखंडा आहे.

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण तो बरोबर असतो. हीच त्याची पंचाईत आहे. एकदा तरी ठार चुकला असता, तर चिडून दुकानात गेला असता आणि समोर दिसेल ती सायकल घेऊन आला असता.

फ्रीजरचं प्रकरण मी स्वतः पाहिलेलं. फ्रीव्हीलच्या आत जे छोटे कुत्रे असतात, ते स्प्रिंगच्या जोरावर दात्यांत अडकतात म्हणून पायडल मारलं की चाक फिरतं. कडाक्याच्या थंडीत आतलं ग्रीस घट्ट होतं, कुत्रे जागचे हलत नाहीत, आणि पायडल नुसतं गरगर फिरतं. सायकल आहे तिथेच. तयारीकरने चार जुने हब मिळवले, प्रत्येकात वेगळं ग्रीस भरलं, चिठ्ठ्या लावल्या आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. खोवलेल्या नारळाची पाकिटं आणि गणपतीतले उरलेले उकडीचे मोदक यांच्या मधोमध. सकाळी वहिनी नारळ काढायला गेल्या आणि हातात ‘ग्रीस क्र. 3’ आलं. हा स्टॉपवॉच घेऊन मागे उभाच होता. ‘फ्रीजर उणे अठरा धरतो,’ तो मला म्हणाला, ‘प्रयोगाला तापमान स्थिर लागतं.’ वहिनींनी मागच्या दाराच्या काचेबाहेर टांगलेल्या थर्मामीटरकडे बोट केलं. तो उणे चोवीस दाखवत होता. ‘मग तिकडे ठेव ना. जागाही भरपूर आहे.’

हब बाहेर गेले. त्यावर बर्फ पडला. ते एप्रिलमध्ये सापडले.

त्याची सायकल कोणत्या थंडीसाठी बनते आहे, तेही ठरलेलं आहे. 30 जानेवारी 2019 रोजी मिनिआपोलिसचा पारा उणे 28 फॅरनहाइटवर, म्हणजे उणे 33 सेल्सिअसवर उतरला होता. मिनेसोटात त्या दिवशी टपालवाटपसुद्धा बंद ठेवलं होतं. तयारीकरला सायकल हवी ती त्या दिवशी चालेल अशी.

‘अरे, पण तशा दिवशी ऑफिसही बंद असणार,’ मी म्हणालो.

‘असेल. सायकल बंद पडता कामा नये.’

यावर काय बोलणार?

मध्यंतरी त्याच्या आई सहा महिने राहायला आल्या होत्या. हॉलमध्ये एव्हाना सुटे भाग येऊन पडायला लागले होते. हँडलच्या दोन्ही टोकांना बांधायच्या जाडजूड पिशव्या असतात, इथे त्यांना पोगीज म्हणतात. हात आत घालायचा आणि आतल्या आत मूठ, ब्रेक, गिअर सगळं धरायचं. हातमोजे पातळ असले तरी बोटं शाबूत राहतात. आईंनी ती पिशवी उलटसुलट करून पाहिली, आत हात घातला आणि म्हणाल्या, ‘गोमुखीच की ही! जप करत जाणार आहेस का ऑफिसला?’ मग त्यांनी एकेक वस्तूची चौकशी केली. चेन उघडी नको, मडगार्ड लांब, पुढच्या चाकावर डायनॅमो, गिअर कमीत कमी, मागे दणकट स्टँड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे तुझ्या बाबांची काळी सायकल. ती तू अकरावीत भंगारवाल्याला दिलीस.’

तयारीकर गप्प बसेल असं कुणाला वाटलं असेल, तर त्याला हा माणूस कळलेला नाही. त्याने त्या काळ्या सायकलीसाठी फाइलमध्ये रीतसर पान उघडलं आणि गुण दिले. पूर्ण चेनकव्हर: दहापैकी दहा. मडगार्ड: नऊ. बाटलीचा डायनॅमो टायरवर घासतो आणि ओल्या बर्फात घसरतो: तीन. दांड्याचे ब्रेक, क्रोमच्या लोखंडी रिमवर: पावसातही धड लागत नसत, बर्फात शून्य. बेरीज त्याच्या सध्याच्या आराखड्यापेक्षा दोन गुणांनी कमी भरली. तेव्हा कुठे त्याला झोप लागली. आईंनी मात्र पुण्याला परत गेल्यावर बहिणीला सांगितलं, की तो तिकडे बाबांची सायकल परत बनवतोय, आणि डोळे पुसले.

हिवाळी सायकलवाल्यांत एक भंगारपंथही आहे. शंभर डॉलरला जुनी सायकल घ्यायची, एकच गिअर ठेवायचा, हिवाळाभर मिठात लोळवायची आणि वसंतात उरेल ते फेकून द्यायचं. या पंथाला तयारीकर फार मानतो आणि त्याचा अनुयायी व्हायला साफ नकार देतो. ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ हे त्याला लोक ऐकवतात तेव्हा तो मसाल्याचा हिशेब काढून दाखवतो: दरवर्षी एक भंगार सायकल, वीस वर्षांच्या वीस. रोलॉफ स्वस्त पडतं. वीस वर्षांत त्याला निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली असतील, हे मात्र कुठल्याच रकान्यात नाही. (बॅटरीच्या सायकलीचा विषय त्याने एका वाक्यात मिटवला: लिथियमची बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करू नये. मलाही तो विषय फारसा आवडत नाही.)

हिवाळी सायकलींची जागतिक परिषद 2013 मध्ये फिनलंडच्या औलू गावात पहिल्यांदा भरली आणि 2016 मध्ये ती मिनिआपोलिसला आली. औलूचं नाव तो पंढरपूरच्या सुरात घेतो. वारी अशी दाराशी चालून आल्यावर हा जाणारच. गेला, पुढच्या रांगेत बसला, वही भरली. गेला गाडीने; सायकल व्हायची होती.

आणि तरीही या माणसाचा उपयोग होतो, हे कबूल केलं पाहिजे. इथल्या मराठी मंडळातल्या दोघा तरुणांनी त्याच्याच सल्ल्याने टंगस्टन कार्बाइडच्या खिळ्यांचे टायर घेतले, केबलचे डिस्क ब्रेक लावले, टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली आणि ते बिनघोर जातात येतात. त्याची किंमत मोजावी लागते ती वेगळीच. पोरगं ऑफिसला पोचून कोट काढतंय न काढतंय तोच फोन वाजतो. लेक स्ट्रीटच्या वळणावर काळा बर्फ होता का? पुढचं चाक सरकलं का? किती सरकलं? बोटांनी दाखवता येईल का? फोनवर.

अखेर सायकल झाली. मे महिन्यात.

झाडांना पालवी, माणसं अर्ध्या चड्डीत, तलावावर होड्या, आणि तयारीकर आपली काळी, पट्ट्याची, आठ गिअरची (‘पुणे खेप’ जिंकली होती), पोगीज लावलेली सायकल घेऊन हॅरिएट तलावाशी उभा. मी म्हणालो, ‘वरातीमागून घोडं.’

‘वाचत जा जरा,’ तो म्हणाला. ‘नवे खिळे रबरात नीट बसायला पहिले चाळीस किलोमीटर कोरड्या रस्त्यावर चालवायचे असतात. सावकाश. जोरात ब्रेक नाही, झटके नाहीत. बर्फ पडल्यावर कोरडा रस्ता कुठून आणू?’

तलावाचा फेरा तीन मैलांच्या आसपास. तो सकाळभर फिरत राहिला. दोनशे चाळीस खिळे डांबरावर चरचर चरचर वाजत होते. बदकं उठून जात होती, बाबागाडी ढकलणारे बाप कडेला होत होते, आणि हा गोमुखीत हात घालून, घामाने निथळत, अतिशय तृप्त चेहऱ्याने दर फेरीला मला आकडा सांगत होता.

त्यानंतर सायकल माझ्या शेडमध्ये आली. त्याचं गॅरेज गरम असतं. थंडगार सायकल उबेत नेली की तिच्यावर पाणी सुटतं, मिठाला जोर चढतो, गंज धरतो, आणि पुन्हा बाहेर काढली की केबलीतलं पाणी गोठतं. त्यामुळे हिवाळी सायकल थंड जागीच ठेवावी लागते. माझी शेड थंड, कोरडी, कुलूपवाली. फाइलमध्ये तिला साडेआठ गुण आहेत. उन्हाळाभर सायकल तिथे दिमाखात उभी होती.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. मी फावडं काढायला गेलो, तर ते सायकलीच्या मागे. फोन केला.

‘हलवू नकोस!’ तो ओरडला. ‘आधी हवा बघ. थंडीत दाब उतरतो. आणि खिळे सिमेंटवर ओढू नकोस, उचलून ठेव. पण मडगार्डला धरून नाही.’

‘त्यापेक्षा तूच ये,’ मी म्हणालो, ‘आणि आज चालवतच घेऊन जा. बर्फ पडलाय, टायर तयार आहेत, आणखी काय हवं?’

‘आज? आज बाहेर उणे एक आहे. नुसता भुसभुशीत ओला बर्फ. खिळ्यांचे टायर कडक बर्फासाठी असतात, या लापशीत त्यांचा काय उपयोग? लापशीसाठी खरं तर रुंद नक्षीचे, खिळ्यांशिवायचे, वेगळेच...’ आणि पलीकडून कळफलकाचा आवाज यायला लागला.

मी शेजाऱ्याचं फावडं मागून आणलं.