आजोबांची एक चूक

सांगलीहून साताऱ्याला येणाऱ्या एस.टी.त अण्णांनी ती फळी जुन्या नऊवारीत गुंडाळून मांडीवर आडवी धरली होती. कराडपर्यंत कंडक्टरनं काही विचारलं नाही. कराडला गर्दी चढली, फळीचं गोल टोक कुणाच्या तरी बाजारपिशवीत शिरलं आणि त्याच वेळी आतून काहीतरी घरंगळत या टोकाकडून त्या टोकाला गेलं.

"काय हाय ह्यात?"

"बगाटेली," अण्णा म्हणाले.

कंडक्टरनं एकदा फळीकडे आणि एकदा अण्णांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "जित्तं न्हाई न्हवं?" एवढी खात्री करून त्यानं लगेजचं तिकीट फाडलं.

ज्यांच्या घरी बगाटेली कधी नव्हती, त्यांनी कंडक्टरला हसू नये. दीड-दोन हात लांब, वरच्या बाजूला गोल केलेला लाकडी बोर्ड. उजव्या कडेला एक खाच, खाचेच्या तळाशी स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला की लोखंडी गोळी खाचेतून वर जाते, गोल वळसा घेते आणि खिळ्यांच्या रानातून ठेचकाळत खाली येते. वाटेत दहा, पन्नास, शंभर असे आकडे लिहिलेले कप. सगळ्यांत अवघड जागी हजाराचा. टीव्ही येण्याआधीच्या मे महिन्यातल्या कित्येक दुपारी या बोर्डावर गेल्या. नावाचं म्हणाल तर अण्णांच्या घरात ती बगाटेली, शेजारच्या वाड्यात बॅगाटेल आणि एका चुलत घरात चक्क "बागेतली".

हे तिसरं नाव अगदीच टाकाऊ नाही. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या धाकट्या भावानं वहिनीशी पैज लावून पॅरिसजवळ दोनेक महिन्यांत बागेसकट एक बंगला उभा केला, त्याचं नाव बगातेल. 1777 साली तिथल्या मेजवानीत राजाराणीपुढे असा एक खेळ मांडला गेला आणि त्याला बंगल्याचं नाव चिकटलं, असं सांगतात. दीर-वहिनीच्या पैजेतून निघालेला खेळ मराठी घरात रुळला, यात नवल ते काय? पुढे 1871 साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थांनी त्याला स्प्रिंगचा दट्ट्या बसवून पेटंट घेतलं. 1931 च्या सुमारास तो नाणं टाकून खेळायचा झाला. 1947 साली 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या यंत्रात गोळीला परत वर उडवणारे दोन्ही बाजूंचे हात, म्हणजे फ्लिपर आले. त्याच्या पुढचं ते दिव्यांनी लखलखणारं पिनबॉल सिनेमात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सांगलीच्या गावभागातली बगाटेली ही या घराण्यातली गावी राहिलेली थोरली बहीण. वीज नाही, फ्लिपर नाही. एकदा गोळी सुटली की पुढचं सगळं प्रारब्ध आणि खिळे.

आणि इथं मराठी भाषा एक गंमत करते. बारीक खिळ्याला सुतार खिळा म्हणत नाही, "चूक" म्हणतो. या बोर्डावर शे-दीडशे चुका होत्या. त्यातली एकच वाकडी होती.

ती हजाराच्या कपाच्या तोंडाशी, डावीकडून तिसरी. ती अण्णांच्या आजोबांनी पक्कड घालून मुद्दाम वाकवली, यावर घरात एकमत आहे. का वाकवली, यावर दोन घराणी आहेत. सातारचं घराणं सांगतं, आजोबा कनवाळू. लहान पोरांना जन्मात एकदा तरी हजार मिळावेत म्हणून त्यांनी वाट करून दिली. सांगलीचं घराणं सांगतं, आजोबा वकील होते. बोर्डाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेला हिशोब सांगलीच्या बाजूनं साक्ष देतो. "नाना, साडेतीन आणे बाकी." आण्यांचा व्यवहार म्हणजे हा डाव 1957 साली नवे पैसे येण्याच्या आधीचा. नानांचा वंश अजून हयात आहे आणि बाकी अजून चुकती झालेली नाही.

बोर्डाची अवस्था बघण्यासारखी होती. दट्ट्याची स्प्रिंग गंजून मेलेली. मागचा पाय गायब, त्याच्या जागी अनेक वर्षं पुठ्ठ्याची घडी. दहापैकी सहा गोळ्या मूळच्या, दोन सायकलच्या दुकानातले छर्रे, एक काचेची गोटी आणि एक कायमची बेपत्ता. हजारावरचं शेवटचं शून्य पुसलेलं, त्यामुळे तो आकडा शंभरच आहे असा दावा लावून एका मावसभावानं एक अख्खी सुट्टी भांडणात घालवलेली. खालच्या कडेला भडंगाच्या तेलाचे डाग, त्यात एक स्पष्ट अंगठा.

तरी ती वाचली होती. सांगलीत आकडा म्हटला की आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचा आकडा. 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या त्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला, फ्रीज तरंगला, लग्नातले अल्बम लगदा झाले. बगाटेली माळ्यावर होती. नंतर महिनाभर भिंती ओल धरून होत्या, त्यात चुकांना गंज चढला, एवढंच. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्यांनी माळा रिकामा करताना ती अण्णांच्या हवाली केली आणि बजावलं, "नीट कर. पण काही करू नकोस."

या आज्ञेचा अर्थ लावण्यात अण्णांचे चार महिने गेले.

अण्णा निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा पहिला विचार उघड होता: काचपेपर मारावा, आकडे नव्यानं रंगवावेत, वरून झकास पॉलिश. पुण्याच्या चिरंजीवांचं म्हणणं त्याहून पुढचं. सगळंच नवं करा, कपांना दिवे लावा, गुण आपोआप मोजले जातील. सौभाग्यवतींचं म्हणणं एवढंच, की जे काय कराल ते जेवणाच्या टेबलावर नको.

मग अण्णांनी वाचायला घेतलं, आणि गोष्ट हाताबाहेर गेली. पिनबॉलची जुनी यंत्रं जमवणाऱ्यांत हाच तंटा कित्येक वर्षं चालला आहे, हे त्यांना कळलं. तिथली पोलादी गोळी 80 ग्रॅमची. ती वर्षानुवर्षं एकाच वाटेनं धावून रंग खाते आणि खालचं लाकूड उघडं पाडते. एक पंथ म्हणतो, उघडं लाकूड हाच यंत्राचा जन्मदाखला, त्याला हात लावू नका. दुसरा रंग भरून वर काचेसारखा पारदर्शक लेप चढवतो. यंत्र असं दिसू लागतं की कारखान्यातून निघतानाही ते इतकं देखणं नसेल. दोन्ही पंथ एकमेकांना अडाणी समजतात. अण्णांना वारकरी आणि शास्त्रीबुवा आठवले.

न्यूयॉर्कची हकीकत तर त्यांनी आत्यांना फोनवर रंगवून सांगितली. 1942 साली तिथल्या महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉल हा जुगार ठरवून बंद पाडला आणि स्वतः हातोडा घेऊन यंत्रं फोडली. बंदी उठली 1976 साली. त्या वेळी रॉजर शार्प नावाच्या तरुणानं अधिकाऱ्यांसमोर यंत्र खेळून, गोळी कुठून जाणार हे आधी सांगून दाखवलं. नशीब नाही, कसब आहे, हे सिद्ध झालं. आत्या म्हणाल्या, "तुझ्या आजोबांना बोलावलं असतं तर आधीच उठली असती." जपानात पाचिंको नावाची याच जातीची उभी यंत्रं असतात आणि त्यांच्या चुका किंचित इकडेतिकडे वाकवायला पगारी कारागीर असतो, हे ऐकल्यावर मात्र त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाबांनी फुकट केलं रे."

पॉलिशचा बेत अजिंठ्यानं मोडला. निजाम सरकारनं 1920 साली दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून अजिंठ्याची चित्रं दुरुस्त करवली. त्यांनी काम मनापासून केलं. सुटलेला गिलावा घट्ट बसवला आणि रंग टिकावा म्हणून वर लाखेचा लेप दिला. तो लेप पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ बसली, आणि पुढच्या पिढ्यांना चित्रांपेक्षा आधी तो लेप उतरवण्याचं काम लागलं. शिवाय शेंदराचे थर आणि वज्रलेपावरचे वाद ज्या मुलखात नवे नाहीत, तिथं राहून अण्णांनी एवढ्या उशिरा शहाणं व्हावं, हे जरा आश्चर्यच. असो. भडंगाचा अंगठा बचावला. तो आपला आहे असं आतापर्यंत तिघांनी कळवलंय.

तरी लाकडाला काहीतरी लावणं भाग होतं, म्हणून एका लग्नाच्या निमित्तानं सांगलीला गेल्यावर अण्णा मिरजेला जाऊन आले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे घडतात. मूळचे हे कारागीर शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. संस्थानाच्या आश्रयानं त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांना हात घातला आणि तलवारी मागे पडल्या. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं एका दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे उलटे टांगलेले, खाली एक वयस्क कारागीर कुणाच्या तरी पणजोबांच्या तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला. अण्णांनी मोबाइलवर बगाटेलीचा फोटो दाखवला. त्यानं तो तंबोऱ्याच्याच गांभीर्यानं पाहिला.

तारा घोडीवर घासून बारीक खाचा पडतात, मग सूर बोलत नाही, त्यानं सांगितलं. तिथं कानस लावावीच लागते, त्यात पाप नाही. पण दांडीवर वाजवणाऱ्याच्या अंगठ्यानं पॉलिश गेलेलं असतं, तिथं तो बोळा फिरवत नाही. तार लागते तिथं दुरुस्ती, हात लागतो तिथं नाही. आणि लाकडाला चपडीचा एकच हात, तोही पाठीवरचा हिशोब सोडून.

इतका स्वच्छ नियम अण्णांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. परतीच्या गाडीत त्यांनी तो लावायला घेतला. स्प्रिंग नवी: बरोबर. पाय नवा: बरोबर. आकडे तसेच, डाग तसेच. वाकडी चूक... तिला गोळी लागते, म्हणजे सरळ करायची. पण वाकवली हातानं, म्हणजे तशीच ठेवायची. पेठनाक्यापासून काशीळपर्यंत अण्णांनी चारदा निकाल फिरवला.

मध्येच संख्याशास्त्र शिकवलेल्या एका मामांनीही हात धुऊन घेतले. फ्रान्सिस गाल्टननं 1870 च्या दशकात असाच चुकांचा बोर्ड करून वरून छर्रे सोडले होते. प्रत्येक छर्रा कुठं जाईल हे सांगता येत नाही, पण सगळे मिळून मधे उंच आणि कडेला उतरता असा ढीग ठरलेला. मामांनी बोर्ड तिरका करून वरून हातानं गोळ्या सोडल्या. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, गोळी त्या वाकड्या चुकेपर्यंत पोचतच नाही फारशी. म्हणजे आजोबा ना कनवाळू ठरले ना लबाड. दोन्ही घराण्यांनी मामांना पुन्हा बोलावलं नाही.

शेवटी अण्णांनी ठरवलं: चुकेला कुणीही हात लावायचा नाही. त्यांनी आलेखकागदावर बोर्डाचा नकाशा काढला, एकेक चूक ठिपक्यानं दाखवली, वाकडीपुढे एक छोटी रेघ ओढली, आणि बोर्ड यादोगोपाळ पेठेतल्या मिस्त्रीकडे स्प्रिंग आणि पाय बसवायला दिला. काय करायचं ते तीनदा सांगितलं. काय करायचं नाही, ते सांगायचं राहिलं.

आठवड्यानं मिस्त्री स्वतः बोर्ड घेऊन आले. दट्ट्या लोण्यासारखा. पाय गुण्यात. अण्णांचा चेहरा खुलला.

"आन् मास्तर, चुका बघितल्या तर येक वाकडी," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, मास्तरांच्या घरात वाकडी चूक ऱ्हाईल व्हय? केली सरळ. तिचं पैसं नगंत."

त्या रात्री सातारच्या घरात दिवा उशिरापर्यंत होता. अण्णांनी मिस्त्रींना चहा दिला, पैसे दिले, आभारही मानले. त्या माणसानं जे केलं ते सुतारकामाच्या कोणत्याही न्यायानं बरोबरच होतं. आता प्रश्न असा होता, की वाकवायची किती? नकाशातली रेघ दिशा सांगत होती, कोन नाही. मोबाइलमधले फोटो सगळे वरून काढलेले. आणि अण्णांनी आपल्या हातानं वाकवली, तर ती चूक आजोबांची की अण्णांची, हा वेगळाच खटला. पुण्याहून चिरंजीवांनी कळवलं की बापानं मुलाच्या चुका दुरुस्त करण्याचा प्रघात आहे, नातवानं आजोबांच्या चुका नव्यानं करण्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या गाडी करून साताऱ्यात हजर. त्यांना मोतीबिंदूनंतरही जवळचं फारसं दिसत नाही. बोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला गेला. सौभाग्यवतींनी या वेळी हरकत घेतली नाही. अण्णांनी पक्कड हातात घेतली. आत्या खुर्चीत बसून डोळे मिटून म्हणाल्या, "मार गोळी."

गोळी फिरली, खाली आली, चुकांवर वाजत गेली.

"नाही. ती अशी नव्हती वाजत. जरा भसाडी होती."

अण्णांनी केसभर वाकवली. पुन्हा गोळी. "अजून." पुन्हा. "फार झाली, मागं घे." चूक मागे घेताना मुळाशी हलली, आणि मिरजेचा कारागीर जवारीवर श्वास रोखून कानस का फिरवत होता, ते अण्णांना आत्ता उमगलं. तासभर हे चाललं. गोटी सोडली तर सगळ्या गोळ्या वाजवून झाल्या. सौभाग्यवतींनी दोनदा चहा केला आणि तिसऱ्यांदा स्वतःच दट्ट्या ओढायला बसल्या. त्यांची गोळी वर वळसा घेऊन आली, दोनशेच्या कपाला हुलकावणी देऊन डावीकडे वळली, वाकड्या चुकेवर एकदा खर्रकन बोलली आणि हजारात गेली.

आत्यांनी डोळे उघडले. "हां. हीच."

मग त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली, आपल्या वाटणीच्या गोळ्या मोजून घेतल्या, नाना वारले असले तरी त्यांच्या घरचे देणं लागतात याची आठवण करून दिली, आणि अण्णा सरबत आणायला आत गेले तेवढ्यात नव्या, गुण्यात बसवलेल्या पायाखाली पिशवीतल्या भडंगाच्या पुडीची एक घडी हळूच सरकवली.