वहीतलं व्हायोलिन

कोकणात नोंद ठेवायची सवय जुनी. कुठल्या माडानं किती नारळ दिले, पाडेली कधी येऊन गेला, आंब्याची पहिली पेटी कोणत्या तारखेला गाडीत चढली, मिरग ओला गेला की कोरडा, हे सगळं एका लांबट वहीत, कॅलेंडरच्या पाठीवर, नाहीतर अगदीच घाई असेल तर माजघराच्या दारामागे खडूनं लिहिलेलं सापडतं. पुढे वाटण्या होतात त्या पुष्कळदा याच वहीवरून, आणि भांडणंही. तेव्हा रत्नागिरीतल्या एखाद्या निवृत्त गृहस्थानं व्हायोलिनच्या रियाजाची वही घातली, यात नवल काही नाही. नवल आहे ते त्या वहीच्या जाडीचं.

हा माणूस ओळखायला सोपा. "काय अण्णा, कसं काय?" असं कुणी मारुती मंदिराच्या नाक्यावर विचारलं, तर तो "बरं आहे" म्हणत नाही. "आज शहाण्णवावा," म्हणतो. विचारणाऱ्याला वाटतं वाढदिवस कुणाचा, की आणखी काही. आपणही त्यांना अण्णाच म्हणू. टिळक आळीपासून कुवारबावापर्यंत दर दोन घरांआड एक अण्णा आहेत आणि हे चित्र त्यांतल्या कुणा एकाचं नाही. कुणी अण्णा भाट्याच्या पुळणीवर टाकलेली पावलं मोजतात, कुणी मोडीची पानं मोजतात. आपले अण्णा पागानिनी मोजतात.

अण्णांचं व्हायोलिनशी नातं रेडिओपासूनचं. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकून ज्या पिढीनं आईवडिलांकडे हट्ट धरला, त्या पिढीतले ते. सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाला साथ केलेले हे जोग (१९३२–२०२१) गाण्याचे शब्दच तारेवर वाजवतात, असं लोक म्हणत. तिकडे शास्त्रीय संगीतात वाईचे वि. गो. जोग होते, दा. के. दातार होते. म्हणजे मराठी मुलानं व्हायोलिन हातात घ्यावं याला आधार भक्कम होता. अण्णा मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवून शिकले, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत पोचले, आणि मग बँकेत लागले. पस्तीस वर्षं बदल्या झाल्या. व्हायोलिन माळ्यावर राहिलं. निवृत्तीनंतर खाली काढलं तेव्हा पेटीचं झाकण अर्धवट उघडं होतं आणि व्हायोलिनच्या एका खाचेत कुंभारणीनं मातीचं घर केलेलं होतं. पहिल्या वहीतली पहिली नोंद तीच आहे: 'कब्जेदार हटवला.'

दुसरा कुणी असता तर यमन किंवा एखाद्या नाट्यपदापासून सुरुवात करता. पण बँकेत घाबरून घालवलेली वर्षं माणसाला निवृत्तीनंतर धाडसी करतात. पुण्याच्या नातीला त्यांनी विचारलं, "सगळ्यात कठीण काय असतं गो व्हायोलिनवर?" तिनं खेळाच्या नादात मान वर न करता सांगितलं, "पागानिनी. चोवीस नंबर."

निकोलो पागानिनी या व्हायोलिनवादक-संगीतकाराचे चोवीस कॅप्रिस मिलानच्या रिकोर्दीनं १८२० साली छापले. त्यातला शेवटचा, ए मायनरमधला, म्हणजे एक छोटी धून, तिची अकरा रूपं आणि वर एक समाप्ती. मुळातली धून अवघ्या बारा बारांची, म्हणजे ठेक्याच्या बारा तुकड्यांची, त्यातले पहिले चार दोनदा वाजवायचे. ऐकायला ती भोंडल्याच्या गाण्याइतकी सोपी. पुढे मात्र तिसऱ्या रूपात सप्तकांच्या जोड्या, सहाव्यात दुहेरी स्वरांचे धावते जिने, आणि नवव्यात तर गज धरलेला हात एकीकडे आणि तारा छेडायच्या त्या डाव्या हातानंच, त्याच बोटांनी, जी स्वर दाबायला आधीच कमी पडतायत. ते पान बघून अण्णांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. छपाईची चूक नव्हती.

त्यातून अडचण अशी की हिंदुस्थानी बैठकीत तारा षड्ज-पंचमात लावायच्या आणि पागानिनीला हव्यात जी, डी, ए, ई. रोज उठून खुंट्या पिळण्यापेक्षा अण्णांनी दुसरं व्हायोलिनच आणलं. आता घरात एक बसून वाजवायचं आहे आणि एक उभ्यानं. घरच्या काकींचं म्हणणं, दोन्ही झोपून वाजवल्यासारखीच वाजतात.

गुढीपाडव्याला 'दिवस १' लिहिला गेला. रकाने आठ: दिनांक, वार, आरंभ, समाप्ती, गती, पाऊस, चुका, शेरा. चुकांची पुन्हा वर्गवारी: बोटाची, गजाची, वाद्याची, हवामानाची, घरच्यांची. अक्षर खतावणीतलं, वळणदार. काही नोंदी मुळातून पाहण्यासारख्या आहेत.

'दिवस १. गती ४०. चुका: असंख्य. शेरा: आरंभ समाधानकारक.'

'दिवस १७. ई तार तुटली. जबाबदार: तार.'

'दिवस २९. घरच्यांची चूक: कुकरची तिसरी शिट्टी समेवर आली नाही.'

'दिवस ५०. लेखापरीक्षण. रियाज सरासरी ४५ मिनिटे, नोंद सरासरी ५० मिनिटे.'

पन्नासाव्या दिवसाच्या त्या शोधानं अण्णा काही खचले नाहीत. त्यांनी 'नोंदीस लागलेला वेळ' असा नववा रकाना आखला.

रियाज मोजण्याची कल्पना काही अण्णांची नाही. आपल्याकडे गवई चाळीस दिवसांचा चिल्ला करत. कुणाला भेटायचं नाही, एकच राग, एकच पलटा, सकाळ ते रात्र. पण चिल्ल्याची गंमत अशी की तो कुणाला दिसत नसे. खोलीतून बाहेर पडायचा तो थेट गवई. हिलरी हान या अमेरिकन व्हायोलिनवादक बाईंनी २०१७ मध्ये हे उलटं केलं. ज्यांच्या नावावर तीन ग्रॅमी आहेत त्यांनी शंभर दिवस आपल्या रोजच्या सरावाचे तुकडे इन्स्टाग्रामवर टाकले, तेही अडखळण्यांसकट. मग जगभरच्या शिकाऊ लोकांनी आपापले शंभर दिवस मोजायला घेतले. हे नातीनं अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांच्या लक्षात एवढंच राहिलं की इतक्या मोठ्या बाईसुद्धा वही ठेवतात.

शास्त्राचा आधारही त्यांनी मिळवला. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना आठवडाभर दिवसाची वही ठेवायला लावली होती. सर्वांत सरस विद्यार्थ्यांचा एकट्यानं केलेला सराव विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांवर गेलेला निघाला. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकानं हा आकडा घरोघरी पोचवला. अण्णांनी भागाकार केला. रोज पाऊण तास, म्हणजे तेरा हजार तीनशे तेहतीस दिवस, म्हणजे साडेछत्तीस वर्षं. वय आता त्रेसष्ट. साडेनव्व्याण्णवाव्या वर्षी हात बसेल. हा आकडा त्यांनी लाल शाईनं लिहून चौकटीत घातला. पण त्याच अभ्यासात असंही आढळलं होतं की हे सरस विद्यार्थी झोपही जास्त घेत आणि दुपारची डुलकीही काढत. हे वाचून अण्णांना फार बरं वाटलं. त्या बाबतीत बर्लिनला रत्नागिरीकडून शिकण्यासारखं पुष्कळ होतं. त्या दिवसापासून 'वामकुक्षी' रियाजाच्या वेळेत धरली जाऊ लागली.

घोडं अडलं ते नवव्या बारापाशी. गती ४० असो की ६०, पहिले आठ बार सुखरूप जात आणि नवव्याच्या तोंडाशी तिसरं बोट घसरे. त्याच क्षणी अण्णांच्या तोंडून निघे, "हात्तिच्या!" मग पुन्हा पहिल्यापासून. पाऊण तासात सरासरी बावीस वेळा.

वाडीनं हे सगळं वहीशिवाय टिपलं. मे महिन्यात शेजारच्या काकू गच्चीवर आंब्याची साठं घालत असत. हात चाले तशी धून गुणगुणत, आठ बारांपर्यंत अगदी सुरात, आणि मग साठाचा थापा फिरवत म्हणत, "हात्तिच्या." त्यांना वाटे गाण्याचा तो शब्दच आहे. सुट्टीला मुंबईहून आलेली पोरं क्रिकेट खेळताना गोलंदाजाच्या धावेला तीच धून लावत आणि चेंडू सुटला की एकसुरात हात्तिच्या. पागानिनीच्या या धुनेवर ब्राम्सनं १८६३ मध्ये दोन वह्या भरून रूपं रचली, राखमानिनोव्हनं १९३४ मध्ये पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी आणखी चोवीस. रत्नागिरीच्या या वाडीतलं रूप कुठल्या कॅटलॉगात नाही, पण वाजलं मात्र त्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त.

एक्क्याण्णवाव्या दिवशी अण्णांनी कठोर पाऊल उचललं. बँकेच्या नियमानं नव्वद दिवसांहून जास्त थकलेलं कर्ज अनुत्पादित ठरतं. 'नववा बार: एनपीए. वसुलीची कार्यवाही सुरू.'

तोवर पाऊस लागला होता. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि त्याचा हिशेब व्हायोलिन चोख ठेवतं. खुंट्या फुगून अशा बसतात की फिरतच नाहीत. गजाचे घोड्याचे केस ओलाव्यानं लांबतात, कितीही आवळा, लुळेच. लाकडं जोडलेली असतात सरसानं आणि तो दमटपणात मऊ होतो. अण्णांच्या उभ्यानं वाजवायच्या व्हायोलिनची कड एका बाजूनं उघडली. आंबा घाट उतरणाऱ्या धुक्यातून चढत ते मिरजेला गेले. तिथे तंबोरे-सतारी घडवणाऱ्या कारागिरांची घराणी आहेत. एकानं कड बघून सांगितलं, "जोड उघडला म्हणून लाकूड वाचलं, काका. पक्का गोंद असता तर पोट फुटलं असतं." अण्णांनी हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. खर्च वेगळ्या रकान्यात. वाटेत रियाज न झाल्यानं त्या दिवसापुढे 'दौऱ्यावर' असं लिहिलं.

परत आल्यावर नातीनं फोनवरून फर्मान काढलं: "आबा, व्हिडिओ करा. वहीत काय कळणार?" अण्णांनी मोबाइल चकलीच्या डब्याला टेकवून ठेवला. पहिले चार दिवस नुसता पंखा आला. पाचव्या दिवशी अण्णा आले.

तो तुकडा त्यांनी रात्री तीनदा पाहिला. वही तीन महिने सांगत होती: चूक बोटाची, चूक गजाची, चूक हवामानाची. पडद्यावर वेगळंच दिसत होतं. सातव्या बारापर्यंत सगळं ठीक. आठव्यात अण्णांचा जबडा हळूच सुटत होता, हनुवटीची पकड जात होती, आणि ओठ 'हा'साठी उघडून तयार होते. व्हायोलिन खांद्यावरून गव्हाच्या दाण्याएवढं सरकायचं आणि मग बोट घसरायचं. आधी 'हात्तिच्या' येत होता, चूक त्याच्या मागून. चुकांच्या पाच वर्गांत याला जागाच नव्हती. अण्णा बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी त्यांनी सहावा वर्ग घातला: 'तोंडाची.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उभे राहिले ते दाढेखाली एक लवंग धरून. तोंड बंद. बाहेर धो धो पाऊस. पहिले चार बार, पुन्हा पहिले चार, पाच, सहा, सात. आठव्यात दाढ लवंगेवर घट्ट बसली. नववा आला आणि गेला. दहा, अकरा, बारा. धून संपली तेव्हा गज हवेतच राहिला.

पलीकडे काकू पडवीत ओले कपडे वाळत घालत होत्या. त्यांचं गुणगुणणं नेहमीच्या जागी थांबलं आणि पुढे काही आलंच नाही. दोन-तीन क्षण त्या कान देऊन उभ्या राहिल्या. मग गडग्यावरून मान काढून मोठ्यानं म्हणाल्या, "अहो काकी, एवढ्या पावसात पाहुणे कोण आलेत? आणि अण्णा कुठेत? बरं नाही की काय त्यांना?"

काकी स्वयंपाकघरातून हसत बाहेर आल्या. अण्णा मात्र वहीपाशी बसले होते. रकाने भरून झाले. चुका: निरंक. शेऱ्याशी ते जरा थांबले, आणि मग वळणदार अक्षरात लिहिलं:

'दिवस ११२. पाहुणे आले होते.'

त्या दिवशी वाडीत चार जणांनी तरी चौकशी केली. मुंबईचे की पुण्याचे, राहणार आहेत का, व्हायोलिन शिकवतात का. काकींनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता धून पुन्हा सुरू झाली, या वेळी गती ६६ धरून. लवंगांची बाटली रिकामी होती. आठव्या बारानंतर वाडीभर स्पष्ट ऐकू आलं, "हात्तिच्या!" गडग्यापलीकडे काकूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि धोतराचा पिळा झटकला.

'दिवस ११३. पाहुणे गेले.'