डिपॉझिट यांस अनावृत पत्र

रा. रा. डिपॉझिट,
मुक्काम : बिलिंग काउंटर, पुणे शहर

तुमच्याकडे वैद्यकीय पदवी नाही, मेडिकल कौन्सिलची नोंदणी नाही. तरी या शहरात रुग्णाची पहिली तपासणी तुम्हीच करता. स्ट्रेचर आत येतं, नातेवाईक काचेपलीकडच्या माणसाला आजार सांगू लागतात आणि तो त्यांना आकडा सांगतो. छातीत किती वेळ दुखतंय, हे नंतर. आता किती भरताय, हे आधी. डॉक्टर वरच्या मजल्यावर तयार असतात, परिचारिका तयार असतात, यंत्रं चालू असतात, आणि या सगळ्यांच्या वाटेत खुर्ची टाकून तुम्ही बसलेले असता.

मार्च २०२५ च्या अखेरीस एरंडवण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एक गर्भवती स्त्री तुमच्यासमोर आली. सातवा महिना, पोटात जुळं. दहा लाख रुपये मागितले, असा कुटुंबाचा आरोप होता. रुग्णालयाने आपली बाजू वेगळी मांडली. वरून फोनही गेले होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. ती तिथून बाहेर पडली, दुसरीकडे तिला जुळ्या मुली झाल्या आणि ती गेली. आंदोलनं झाली, चौकशी समित्या बसल्या. बातमी बाहेर आल्यावर काही दिवसांतच रुग्णालयाने जाहीर केलं, की तातडीच्या विभागात, प्रसूतीसाठी किंवा मुलांच्या विभागात येणाऱ्या तातडीच्या रुग्णाकडून यापुढे डिपॉझिट घेणार नाही. त्या घोषणेनंतर रुग्णालय बंद पडलं नाही. मग इतकी वर्षं तुमच्यावाचून चालणारच नाही, असं आम्हाला कशाच्या जोरावर सांगत होतात?

कायद्याला तुम्ही कधीच जुमानलं नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की जखमी माणूस समोर आला की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी त्याचा जीव वाचवायचा, बाकीचे सोपस्कार मागाहून. त्या खटल्यामागे एका स्कूटरस्वाराचा मृत्यू होता. पहिल्या रुग्णालयाने त्याला वीस किलोमीटर दूर पाठवलं आणि तो वाटेत गेला. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या शेतमजुरांची संघटना न्यायालयात गेली. त्यांचा एक सभासद रेल्वेतून पडला होता आणि सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक त्याला परत पाठवलं होतं. वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला, असा निकाल लागला. हा हक्क कामगारांच्या संघटनेने लढून मिळवला आहे. आज तुमच्या काउंटरसमोर सगळ्यात जास्त वेळ उभं राहावं लागतं तेही कामगारालाच.

महाराष्ट्रात तर याहून स्पष्ट लिहिलेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना घालून दिली : दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रकमेचा वेगळा निधी. तातडीचा रुग्ण आला की लगेच दाखल करायचं, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे. या रुग्णांकडे डिपॉझिट मागायचं नाही. ही रुग्णालयं धर्मादाय म्हणून करसवलती घेतात, काहींना जमीन आणि चटईक्षेत्रही सवलतीने मिळालेलं आहे. म्हणजे तुम्ही ज्या इमारतीत बसता तिच्यात आमचेही पैसे आहेत.

पण तुमचं खरं सावज कोण, हे या पत्रात मला लिहायचं आहे. ते फक्त सर्वांत गरीब माणूस नाही.

निर्धन ठरायला वर्षाचं उत्पन्न एक लाख ८० हजारांच्या आत हवं, दुर्बल ठरायला तीन लाख ६० हजारांच्या आत. म्हणजे घरात महिन्याला तीस हजारांहून जास्त आले की धर्मादाय खाट नाही. नवरा चाकणला कंत्राटी हेल्पर, बायको कोथरूडला चार घरी पोळ्या करते, ओव्हरटाइम धरून दोघांचे मिळून तीस हजारांवर जातात. घरभाडं, शाळेची फी, गावाकडे पाठवायचे पैसे गेल्यावर उरतं काय, हे दाखल्यावर लिहिलेलं नसतं. ते 'गरीब' नाहीत. कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं पाहावं, तर तिथली पगाराची मर्यादा २०१७ मध्ये २१,००० झाली आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच थांबली, पगार मात्र थोडे तरी वाढत गेले. ओलांडली की कार्ड गेलं. ठेकेदाराने नाव हजेरीत घातलंच नसेल तर कार्ड मुळात नव्हतंच. आणि रात्री अकराला बाणेरमध्ये कुणाचं तरी जेवण पोचवणारा मुलगा? त्याला कंपनी कामगार म्हणतच नाही, भागीदार म्हणते. त्याची दुचाकी घसरली की या भागीदारीची किंमत तुमच्या काउंटरवर कळते.

पिंपरीच्या टेल्कोत किंवा आकुर्डीच्या बजाजमध्ये जो कायम होता, त्याच्या मागे निदान एक नाव उभं असायचं. कारखान्याचं ओळखपत्र किंवा ईएसआयचं पुस्तक दाखवलं की तो एकटा नाही, हे समोरच्याला कळायचं. सगळं छान होतं असं मी म्हणत नाही. त्याच काळात मार्केट यार्डातला हमाल, कचरा वेचणारी बाई, बांधकामावरची बिगारी यांच्या मागे कोणीच नव्हतं. आता कारखान्यातली माणसंही त्यांच्या रांगेत आली आहेत. उत्पादन वाढलं, हिंजवडीला इमारती उभ्या राहिल्या, चाकणला नवे प्रकल्प आले, आणि कामगाराच्या मागे उभं राहणारं नाव मात्र पुसलं गेलं. त्या रिकाम्या जागेवर तुम्ही खुर्ची टाकलीत. पूर्वी जी हमी मालक किंवा सरकार देत होतं, ती आता तुम्ही मध्यरात्री रुग्णाच्या बायकोकडून रोख वसूल करता. तिच्या मंगळसूत्रावर तुमची नजर जाते, हे मी शब्दशः लिहितो आहे. या शहरात दवाखान्यासाठी दागिने गहाण पडतात, हे कुठल्याही पतपेढीत विचारा.

२०२४ च्या जुलैपासून महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, पाच लाखांपर्यंत. निर्णय चांगला आहे आणि मी तो मनापासून मानतो. पण ती यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांना चालते. रुग्णवाहिकेतल्या माणसाला यादी वाचायला वेळ नसतो. जवळचं रुग्णालय यादीत नसेल, किंवा "त्या योजनेचा बेड आत्ता रिकामा नाही" असं सांगितलं गेलं, की गाठ पुन्हा तुमच्याशीच.

रुग्णालयांची तक्रारही मला माहीत आहे. बिलं बुडतात. सरकारी योजनेचे दर कमी, पैसे उशिरा. डॉक्टरांवर हल्ले होतात, ते मला अजिबात मान्य नाही. हे सगळं खरं धरलं तरी तो हिशोब रुग्णालय आणि सरकार यांच्यातला आहे. कळा सुरू झालेल्या बाईला त्यात जामीन ठेवायचं कारण काय? आणि दर ठरवता येत नाहीत, असं तर सांगूच नका. २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या ऐन काळात, याच राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर ठरवून दिले : वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. महापालिकेने बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. लूट पुरती थांबली नाही, पण दरपत्रक हातात आलं आणि लोकांना भांडता आलं. थायलंड काही श्रीमंत देश नव्हता, तरी २००२ पर्यंत त्यांनी देशभर अशी व्यवस्था लावली की माणसाने एका भेटीचे तीस बाट द्यायचे, बाकी सरकार बघेल. आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, त्यात तातडीच्या रुग्णाला आधी पैसे न मागता उपचार द्यायचं कलम घातलं. डॉक्टर संपावर गेले, सरकारने तडजोडी केल्या, तरी कायदा झाला. महाराष्ट्राने मात्र २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदासुद्धा अजून स्वीकारलेला नाही. आपण १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याला ठिगळं लावत बसलो आहोत. २०२१ च्या नियमांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. ती बऱ्याच ठिकाणी लावलेली असते. तुमच्या खुर्चीच्या बरोबर मागे.

तुम्हाला हटवायची रीत परदेशातून आणायला नको. बाबा आढावांनी १९५५ मध्ये पुण्यात हमाल पंचायत उभी केली. हमालाला एक मालक नसतो, रोज दहा व्यापारी असतात. म्हणून त्याला हक्क नाहीत, असं तेव्हाही सांगितलं जायचं. १९६९ मध्ये राज्याने माथाडी कायदा केला. जो माल उतरवून घेईल त्याने मजुरीसोबत मंडळाकडे लेव्ही भरायची, आणि मंडळाने कामगाराला भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार द्यायचे. मालक रोज बदलतो, मंडळ बदलत नाही. पुढे याच शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना महापालिकेची ओळखपत्रं आणि आरोग्य विमा मिळवून दिला. मग जेवण पोचवणाऱ्या, प्रवासी नेणाऱ्या, घरी येऊन गिझर दुरुस्त करणाऱ्या मुलांसाठी हेच का नको? केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे. महाराष्ट्राने त्यासाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ उभं करावं, प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही कापावी आणि त्यातून सर्वांत आधी असं आरोग्य कार्ड द्यावं, जे कुठल्याही रुग्णालयाच्या तातडीच्या दारात चालेल. कंत्राटी कामगाराचं ईएसआय थकवणाऱ्या ठेकेदाराचं बिल मूळ कंपनीने रोखावं. आणि विधिमंडळाने एका ओळीचं कलम करावं : तातडीच्या रुग्णाकडून, त्याचं उत्पन्न कितीही असो, रुग्णालय धर्मादाय असो वा नसो, प्रकृती स्थिर होईपर्यंत एक रुपयाही आगाऊ घ्यायचा नाही, त्याचा खर्च ठरलेल्या दराने, ठरलेल्या मुदतीत सरकारने द्यायचा. रुग्णालयाच्या घोषणेवर मी विसंबणार नाही. घोषणा मागे घेता येते.

हे होईपर्यंत पुणेकरांना माझं एक सांगणं आहे, तुमच्या देखत सांगतो. काउंटरवर आकडा उच्चारला गेला की तो लेखी मागा. रुग्ण कोणत्या अवस्थेत आला, किती वाजता आला, किती रक्कम मागितली, कोणी मागितली, हे रुग्णालयाच्या कागदावर सहीनिशी द्या म्हणा. दिलं नाही, तर ते उत्तर मोबाइलवर नोंदवून घ्या. रुग्णालय धर्मादाय असेल तर धर्मादाय सहआयुक्तांकडे आणि एरवीही महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे त्याच दिवशी तक्रार टाका. तुम्ही आजवर तोंडी बोलत आलात, म्हणून सुटत आलात.

एक पुणेकर