रेटा

पावसाळ्यातला रविवार, त्यात मेगाब्लॉक, आणि तरीही अंबरनाथहून बदलापूर गाठायचं, तिथून शेअर रिक्षाने बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं आणि कुठल्याशा फार्महाऊसवर चिखलात लोळायचे पैसे भरायचे. भाच्याने हा बेत जाहीर केला तेव्हा घरात एकच माणूस खूश होता, तो म्हणजे भाचा. सौ.ने फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ‘इजा अथवा मृत्यू झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत’ यावर बोट ठेवून म्हणाली, "हे तुमच्या रेल्वेच्या पासावर का नाही छापत?"

हे खूळ तसं साहेबाचं. 1987 साली इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ बिली विल्सन या माजी सैनिकाने आपल्या शेतावर ‘टफ गाय’ नावाची शर्यत भरवली. तिथे उतरणाऱ्यांकडून ‘डेथ वॉरंट’ म्हणवणाऱ्या कागदावर सही घेत. 2010 मध्ये अमेरिकेत टफ मडर आणि स्पार्टन रेस निघाल्या. आपल्याकडे 2012 पासून डेव्हिल्स सर्किट आहे: पाच किलोमीटर, पंधरा अडथळे, त्यात बर्फाच्या पाण्याचा हौदसुद्धा. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये घोडेस्वारी नसणार, तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येणार. घोडा काढून त्या जागी माणूस जुंपणं, नोकरदाराला यात नवं काही वाटू नये.

मूळ प्रकार लष्करी. आणि लष्कराचं नाव निघालं की आमच्या पट्ट्याचा मान पहिला. शेजारचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा ट्रान्झिट कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींत येऊन राहिले, 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. पण पत्ता सांगताना माणसं अजून कॅम्प नंबर आणि बराक नंबरच सांगतात. आमच्या गाडीच्या ग्रुपमधले काका त्यातलेच, कॅम्प चारचे. त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. सगळे बर्म्युडा घालून आलेले, हे आपल्याच कारखान्याची जाड जीन्स चढवून हजर. "काका, भिजली की जड होईल," मी म्हटलं. "होऊ दे. फाटणार नाही. गॅरंटी," काका म्हणाले.

शर्यत सातची होती. मेगाब्लॉकमुळे निम्मे स्पर्धक वाटेतच, म्हणून ती आठ वाजून गेल्यावर सुटली. इतक्या उशिराची कुणी तक्रार केली नाही, यावरून मंडळी कुठल्या लाइनवरची आहेत हे ओळखू यावं.

पहिला अडथळा काटेरी तारेखालून सरपटण्याचा. भाचा जिममध्ये जातो, खांदे रुंद, दोनदा तारेत अडकला. मी मात्र सुळकन बाहेर. वर्षानुवर्षं चौथ्या सीटवर बसणाऱ्या माणसाला अंग चोरायला शिकवावं लागत नाही. तारेपलीकडे शेजारच्या खाचरात आवणी चालली होती. एक आजी रोपांची मुडी हातात धरून, वाकल्या जागी थांबून आमच्याकडे बघत होत्या.

"काय रे बाबा, रोज किती देतात?"

"देत नाहीत आजी, आम्हीच भरलेत."

"किती?"

आकडा सांगितला. आजींनी मागे वळून बाकीच्या बायांना तो ऐकवला आणि मला म्हणाल्या, "आमच्यात या. आम्ही अर्ध्यात लोळवू."

पुढे मंकी बार. आडव्या टांगलेल्या शिडीच्या एकेका दांडीला धरून पलीकडे जायचं, खाली गढूळ डबकं. इथे मी बाजी मारणार अशी सगळ्यांची खात्री, कारण लटकण्यात आपला हात कोण धरणार? लटकलो. झकास लटकलो. पण पुढे काही जाईना. तेव्हा कळलं की डब्यातल्या कडीला लटकणं ही वेगळी विद्या आहे. तिथे आपण लटकायचं, पुढे न्यायचं काम मोटरमनचं. इथे मोटरमन नव्हता. मी पडलो. माझ्या मागोमाग काका पडले; त्यांची जीन्स आता इतकी पाणी प्यायली होती की ती दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागत होती, आणि हात नसताना मंकी बार करणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

खरी गंमत भिंतीशी. आठ फुटी प्लायवूडची भिंत, चिखलाच्या हातांनी आधीच लिंपलेली. भाचा लांबून धावत आला, उडी मारली, कडा पकडला आणि सावकाश, बोटाबोटाने, खाली सरकला. मी भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो. शिट्टीवाला पोरगा म्हणाला, "काका, वाट कुणाची बघताय?"

त्याला काय सांगणार? मी रेट्याची वाट बघत होतो. अंबरनाथला सकाळच्या गाडीत कुणी चढत नाही, चढवला जातो. दारासमोर नुसतं उभं राहायचं, बॅग पुढे घ्यायची, बाकीचं मागची माणसं बघतात. ज्यांना असं चढायचं नसतं ते उलटे बदलापूरला जाऊन रिटर्न बसून येतात. मागे कुणीच नाही आणि समोर भिंत, अशी वेळ आमच्यावर कधी आलेलीच नव्हती.

तेवढ्यात रखडलेल्या गाडीतून उतरलेली तुकडी पोचली. लेडीज डब्यातला ग्रुप, सात-आठ जणी, सगळ्या नोकरीवाल्या. त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. "चला, पुढे चला, मध्ये उभे राहू नका!" असा ओळखीचा पुकारा झाला, एकीने माझ्या पायाखाली गुडघा दिला, दुसरीने पाठीत खांदा लावला, "दादा, हात वर!" आणि मी पलीकडे. मग भाचा. मग काका, त्यांना वरून दोघींनी जीन्सच्या पट्टीला धरून उचललं. आख्ख्या काकांचं आणि बादलीभर पाण्याचं वजन पट्टीने पेललं, टाका उसवला नाही. काका वरूनच ओरडले, "बघितलं?"

27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. तेव्हाही एनडीआरएफच्या होड्यांबरोबर आजूबाजूच्या गावांतली माणसं मदतीला धावली होती. कुणी कुणाचा टायमिंग चिप क्रमांक विचारला नव्हता.

इथे मात्र प्रत्येकाच्या मनगटावर चिप होती आणि शेवटी निकाल लागला एकेकट्याचा. माझा नंबर इथे देण्यासारखा नाही. लेडीज ग्रुपने आठ जणींचा मिळून एक नंबर लावा म्हणून आयोजकांशी बरीच हुज्जत घातली. नियमात बसत नाही म्हणाले. पण बरोबर न्याय आठ जणींचा मिळून एक नंबर हाच होता, असं माझं अजूनही मत आहे.

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात यायचं मनात असेल तर एकट्याने येऊ नका, मागून रेटणारे चार जण बरोबर आणा. आणि हो, जीन्सच घालायची असेल तर उल्हासनगरची घाला.