५० टक्के आयातशुल्काबद्दल आभार

प्रति,
मा. डोनाल्ड ट्रम्प, राष्ट्राध्यक्ष, अमेरिका

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर, जि. पुणे
ऋषिपंचमी, २८ ऑगस्ट २०२५

भारतीय मालावरचे अमेरिकी आयातशुल्क दोन हप्त्यांत ५० टक्क्यांवर गेले. पहिले २५ टक्के ७ ऑगस्टला लागले. रशियाचे तेल घेतल्याचा दंड म्हणून आणखी २५ टक्के लागले ते काल सकाळी साडेनऊला, घरोघरी गणपतीची प्राणप्रतिष्ठा चालू असताना. तेच तेल भारताहून जास्त घेणाऱ्या चीनला हा दंड नाही. महोदयांना मुहूर्त कळतो आणि माणूसही.

दूरच्या स्फोटाची राख बोरीला नवी नाही. इथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो सुमात्रातल्या टोबाचा असल्याचे अनेक संशोधक मानतात. त्या राखेमागे निदान कुणाचे धोरण नव्हते.

शुल्क भरतो तो अमेरिकेतला आयातदार, आणि तो ते गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. आधी स्वस्त शर्टांची चटक लावायची, मग तोच शर्ट महाग करून त्याला देशभक्ती म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. मराठी वृत्तवाहिन्यांना मात्र महोदयांची प्रत्येक पोस्ट ठळक बातमी. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो मातीमोल झाला तर तळाची पट्टीसुद्धा हलत नाही.

खरे दुखणे शेतीचे आहे. भारत शेतकऱ्याला फार देतो, ही अमेरिकेची जुनी तक्रार. २०१८ मध्ये गहू, तांदूळ आणि कापसाच्या हमीभावावरून तिने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध कागद दाखल केले. त्याच २०१८ आणि पुढच्या २०१९ मध्ये चीनशी भांडण काढून घरच्या शेतकऱ्यांना २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. कापसाच्या अनुदानावरून ब्राझीलने तिला याच संघटनेत हरवले होते. तेव्हा अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षानुवर्षे पैसे मोजले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. अनुदानाविरुद्ध तक्रार करणाऱ्यालाही अनुदान, इतके मोठे मन जगात दुसरीकडे सापडणार नाही.

आता भारताची दुधाची बाजारपेठ उघडायची मागणी आहे. एका बाजूला शेकडो गाईंचे गोठे आणि त्यांच्या पाठीशी सरकारी योजना. दुसऱ्या बाजूला जुन्नर-आंबेगावातली दोन गाईंची बाई, पहाटे धार काढून डेअरीत फॅटवर भाव घेणारी. याला स्पर्धा म्हणणे हा शुद्ध निर्लज्जपणा आहे. दिल्लीचाही धीर फार टिकला नाही. शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड नाही, असे पंतप्रधानांनी ७ ऑगस्टला सांगितले. १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठले. विदर्भातला कापूस तेव्हा वेचणीलाही आला नव्हता.

याच महिन्यात अमेरिकेतल्या सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेनेही महोदयांना पत्र लिहिले आहे. चीनने नव्या पिकाचा सौदा केलेला नाही, भाव पडताहेत, खते आणि यंत्रे महागताहेत, असा त्यातला मजकूर. वरचे नाव झाकले तर ते पत्र जुन्नरचेच वाटेल. उत्तर द्यायचेच झाले तर महोदयांनी आधी त्या पत्राला द्यावे. त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांना मते दिली आहेत.