गिफ्टेडचे बाबा

संक्रांतीला तिळगुळाची वडी हातावर ठेवता ठेवता जो गृहस्थ ‘मग, मे महिन्याचं काय ठरलं?’ असं विचारतो, तो गिफ्टेडचा बाबा समजावा. आपण भाबडेपणानं ‘बघू, गावी जाऊ’ म्हणतो. त्यावर तो आपल्याकडे नव्हे, आपल्या मुलाकडे कणव आल्यासारखा बघतो.

कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत असे एक तरी बाबा असतात. चिरंजीव तिसरीत. ते गिफ्टेड असल्याचा शोध बालवाडीतच लागला. लिफ्टमध्ये त्यांनी सातपासून एकपर्यंत आकडे उलटे म्हणून दाखवले होते. लिफ्ट खाली येत होती, एवढा तपशील सांगताना गळतो.

‘मेन्सा’ संस्थेत बुद्धिमत्ता चाचणीत वरच्या 2 टक्क्यांत येणाऱ्यांनाच घेतात. त्यातले निम्मे आपल्याच सी विंगमध्ये राहतात, याबद्दल बाबांना शंका नाही. उरलेले निम्मे कुठल्या शिबिराला जातात, तेवढंच कळायला हवं असतं.

त्यासाठी लॅपटॉपवर एक्सेलची शीट आहे. एकेका ओळीत रोबोटिक्स, अबॅकस, वेदिक गणित, नाट्यशिबिर, मल्लखांब. पुढे रकाने: फी, बॅच, घरापासूनचं अंतर, अर्ली बर्ड सवलत. सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘प्रवेश परीक्षा आहे का?’ हा. नसेल तर ती ओळ लाल. सोम्यागोम्याला घेतात तिथं आपला मुलगा कशाला घालायचा? शिबिरात शिकवतात काय, हा रकाना मात्र करायचा राहून गेला आहे.

आप्पा पेंडशांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी काढली, ती बुद्धिमान मुलं देशाच्या कामी यावीत म्हणून. बाबांना ते तत्त्वतः मान्य आहे. पण देशाच्या आधी पाचवीचा प्रवेश येतो आणि प्रवेशाच्या आधी बुद्धीची चाचणी. तेव्हा उपजत बुद्धीची तयारी करून घेणारा क्लास त्यांनी आत्ताच हेरून ठेवला आहे.

‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेपुढे मात्र त्यांनी हात टेकले. तिथल्या उन्हाळी उपक्रमात शाळकरी मुलं आठवडाभर शास्त्रज्ञांच्या हाताखाली आपापला प्रकल्प करतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही, पेपर नाही. ‘अहो, मग नंबर कसा कळणार?’ आयुकाच्याच आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून मुलं त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवतात. दहा-वीस रुपयांत भूमिती समजते म्हटल्यावर बाबांचा भूमितीवरचा विश्वासच उडाला.

एप्रिलअखेर अंतिम वेळापत्रक फ्रिजवर चिकटतं. 9 ते 11 रोबोटिक्स, साडेदहा ते साडेबारा नाट्यशिबिर, मग डबा गाडीत. चिरंजीव दुधाच्या मिशा पुसत ते नीट वाचतात.

‘बाबा, साडेदहा ते अकरा मी दोन्हीकडे आहे.’

बाबा क्षणभर गप्प. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतात, ‘अगं, ऐकलंस का? कुणी सांगितलं नाही हं, आपलं आपण पकडलं त्यानं!’

रात्री शीटमध्ये एक ओळ वाढते: ‘तर्कशास्त्र, लहान गट. वेळ साडेदहा ते अकरा.’