वांग्याचा सातबारा

सेवानिवृत्त मनुष्याने काय करावे याविषयी आपल्या समाजात जितका तत्पर आणि विनामूल्य सल्ला मिळतो, तितका त्याला सेवेत असताना कोणत्याही बाबतीत मिळालेला नसतो. देवपुरात, पांझरेच्या या तीरावर, पेन्शनीवर स्थिरावलेल्या मंडळींची वस्ती दाट असल्यामुळे हा सल्ला कधी गच्चीवरून, कधी फाटकावरून आणि कधी न्हाव्याच्या दुकानातील आरशातूनही दिला जातो. कोणी पहाटे एकवीरामातेच्या दर्शनाला पायी जाण्याचा आग्रह धरतो. कोणी नदीपलीकडे राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुनी दप्तरे चाळण्याचे सुचवितो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली या धुळ्यातच दिवंगत झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने निघालेल्या या मंडळाविषयी मला आदर नाही असे नाही; परंतु ज्याचे अवघे आयुष्य कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून म्हणून दप्तरे बांधण्यात व सोडण्यात गेले, त्याला निवृत्तीनंतर पुन्हा दप्तराचाच रस्ता दाखवावा, यातील क्रौर्य सुचविणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. या सर्व सूचना मी विचारार्थ दाखल करून घेतल्या, त्यांतील एकही मंजूर केली नाही, आणि रोज सकाळी एक स्थिरचित्र रंगविण्याचा उद्योग आरंभिला.

या उद्योगाचे मूळ आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांत आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांसाठी त्यांनी पिढ्यानुपिढ्या मुलांकडून पितळी लोटा, बादली, कांदे आणि मागे टांगलेले सुरकुतलेले कापड एवढ्या संसारावर चित्रे काढवून घेतली असून, जगातील यच्चयावत वस्तूंची विभागणी ते ‘परीक्षेला येणाऱ्या’ व ‘न येणाऱ्या’ अशा दोन वर्गांत करतात. “नाना,” ते मला म्हणाले, “रोज एक चित्र. लहान कागद, तीन वस्तू. रंग मात्र स्वतः कालवायचे. नळीतून निघाला तसा कागदावर गेलेला रंग मी चित्रात धरत नाही.” अट सोपी वाटली, कारण त्या वेळी मला वस्तूंचा स्वभाव ठाऊक नव्हता आणि आमच्या घराचाही नव्हता.

स्थिरचित्राला प्रथम लागते ती स्थिर राहणारी वस्तू, आणि नांदत्या घरात हाच माल दुर्मीळ असतो. जळगावची केळी मांडावी, तर त्यांतील दोन फण्यांच्या छायेचा हिशेब जुळेपर्यंत एक फणी शाळेला निघालेल्या नातवाच्या डब्यात रुजू झालेली असते. लिंबू मांडले तर घरात नेमके त्याच क्षणी कोणाचे तरी पित्त उसळते. कांदा हा परीक्षार्थींचा परंपरागत आधार; पण आमच्या स्वयंपाकघरात सकाळी साडेआठनंतर कांद्याला चित्रकलेसाठी रजा मिळत नाही. फळांत एकच काय तो विश्वासू निघाला, तो आंबा, आणि तोही ठराविक मुदतीपर्यंत. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरून आंबा दाखविल्याखेरीज तो तोंडात घालावयाचा नाही, हा आमच्या घराचा रिवाज असल्यामुळे, चैत्रात आलेले चार आंबे आखाजीपर्यंत टेबलावर निर्धोक बसून राहतात. त्यांचा रंग रोज बदलतो, परंतु संख्या बदलत नाही. पूर्वजांनी चित्रकलेला दिलेला हा आश्रय कलेच्या इतिहासात नोंदविला गेलेला नाही.

वांग्याची गोष्ट याहून बिकट. चातुर्मासात ते वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की ते सन्मानाने घरात पुन्हा प्रवेश करते, आणि मग थंडीभर त्याच्यावर हक्क सांगणाऱ्यांत चित्रकाराचा क्रमांक शेवटचा. बाजारात मी एकेक वांगे उचलून, उजेडात फिरवून, त्याची छाया कोठे पडते ते पाहून परत ठेवू लागलो, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी काही वेळ ते सहन केले आणि अखेर विचारले, “दादा, वांगा खावाले लेतस का देखाले?” प्रश्न वाजवी होता. देखण्यासाठी, असे उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि किलोभर घ्यावी लागली.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग आमच्या खानदेशातच एका थोर माणसाने काढून ठेवलेला आहे. मात्र तो गृहस्थाश्रमी माणसाला परवडण्याजोगा नाही. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) विलायतेहून कला व छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन परतले, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी आपल्या घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. प्रिय व्यक्ती पंजाब मेलने येणार होती, ती आली नाही, आणि ते वाट पाहत राहिले, असे लोक सांगतात. टेबलावर घरगुती, क्षुल्लक वस्तू मांडायच्या, त्यांवर दिव्यांचा प्रकाश योजायचा, आणि त्यांतून अख्खा देखावा उभा करून त्याचे छायाचित्र घ्यायचे, या टेबलटॉप कलेत त्यांनी देशोदेशीची पदके मिळविली. त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. धुळ्याहून तेथे जाणे सोपे आहे, आणि मी गेलो तेव्हा इतर मंडळी त्या विरहकथेने गहिवरत असताना माझ्या मनात मात्र एकच असूया दाटून आली होती: या माणसाने टेबलावर ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशीही टेबलावरच असे!

स्थिर वस्तूंच्या बाबतीत असाच दुसरा भाग्यवान म्हणजे इटलीतील बोलोन्याचा मोरांदी. हा चित्रकार १९६४ साली वारला तोपर्यंत त्याच त्या बाटल्या, बरण्या व फुलदाण्या पुन्हा पुन्हा रंगवीत राहिला. तो अविवाहित असून तीन बहिणींसह राहत असे, आणि त्याच्या बाटल्यांवर साचलेली धूळ कोणी पुसत नसे, कारण त्या मऊ, करड्या रंगात त्या धुळीचाही वाटा होता. एका घरात तीन बहिणी असून बाटलीवर धूळ राहू शकते, हे वाचून आमच्या सौभाग्यवतींनी त्या तिघींविषयी जे मत दिले ते येथे नमूद करीत नाही.

आता रंगांविषयी. नोकरीने माझी समजूत अशी घडविली होती की, जसा प्रत्येक जमिनीस एक सर्व्हे नंबर, तसा प्रत्येक वस्तूस एक रंग. लोटा पिवळा, टोमॅटो तांबडा, कापड पांढरे, आणि याविरुद्ध हरकत असल्यास ती तीस दिवसांच्या आत दाखल करावी. मास्तरांनी पितळी लोटा खिडकीपाशी ठेवला आणि म्हणाले, “यात पिवळा कुठे दिसतो तेवढा दाखवा.” मी पाहू लागलो. खांद्यावर खिडकीतले आभाळ निळे होऊन पडले होते. पोटावर शेजारच्या टोमॅटोने आपला तांबडा अंमल बसविला होता. तळाशी कापडाचा पांढरेपणा वर चढून शेवाळी झाला होता. मधल्या काळोख्या पट्ट्यात माझा स्वतःचा सदरा, आणि त्यात बहुधा मीही. ज्याला निखळ पिवळा म्हणावे तो काठाजवळच्या एका चिंचोळ्या रेघेपुरता. हा साराच सातबाऱ्याचा मामला होता. मालकाच्या रकान्यात पिवळ्याचे नाव खरे, पण प्रत्यक्ष वहिवाट पाहावी तर आभाळ, टोमॅटो, कापड आणि पाहणारा अशी चार कुळे जमीन कसून राहिलेली, आणि ‘इतर हक्क’ एवढे की ते लिहावयास रकाना पुरू नये. त्यात सूर्य म्हणजे असा तलाठी की जो अर्ध्या अर्ध्या तासाने फेरफार घालतो आणि कोणालाही नोटीस देत नाही. उलटपक्षी टोमॅटोचा उतारा काढला तेव्हा त्यात लोट्याचीही नोंद सापडलीच.

शेजाऱ्यांच्या या भानगडीची पहिली पद्धतशीर चौकशी फ्रान्समध्ये झाली. पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकाम कारखान्यात १८२४ साली रंगाई खात्यावर शेव्रल नावाचा रसायनज्ञ नेमला गेला, आणि रुजू होताच त्याच्यापुढे तक्रार आली की, कारखान्याचा काळा रंग फिका पडतो. त्याने काळी लोकर तपासली, इतर कारखान्यांच्या लोकरीशी ताडून पाहिली, आणि काळ्यास निर्दोष ठरविले. दोष होता तो त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. रंग रंगाला बिघडवितो किंवा खुलवितो तो मिसळल्यावाचून, नुसत्या शेजाराने, हे त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून सिद्ध केले. हा गृहस्थ १०२ वर्षे जगला, ही बाब पेन्शनर मंडळींनी अवश्य ध्यानात घ्यावी.

मिसळण्याचे शास्त्र त्याहून कुटिल आहे. तांबडा अधिक निळा म्हणजे जांभळा, हे क्रमिक पुस्तकातील वचन मला मुखोद्गत होते. परंतु कोणता तांबडा आणि कोणता निळा, हा खुलासा पुस्तकात नव्हता. व्हर्मिलियन हा तांबडा असला तरी त्याचे आतून पिवळ्याशी संधान असते. प्रशियन ब्लू हिरव्याच्या बाजूला झुकलेला असतो. या दोघांस एकत्र आणले की तिसरा पक्ष चोरपावलांनी आत शिरतो आणि जांभळ्याऐवजी पांझरेच्या पहिल्या पुराचे पाणी तयार होते. क्रिमसन आणि अल्ट्रामरीन यांना मात्र एकमेकांत सोडले, तर ते थेट राजवस्त्राचा जांभळा हजर करतात. प्रशियन ब्लूला मी फारसा दोषही देत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी तांबडा रंग करावयास बसला होता, त्याने वापरलेला पोटॅश जनावरांच्या अवशेषांनी दूषित झालेला होता, आणि भांड्यात उतरला तो हा गडद निळा! ज्याचा जन्मच तांबड्याच्या हुकमाची अवज्ञा करून झाला, तो तांबड्याशी सलोख्याने कसा नांदेल?

असा महिनोन्‌महिने खपून जांभळा हस्तगत केल्यावर मी थंडीत मोठ्या उमेदीने वांग्याकडे वळलो, आणि तेव्हा ध्यानात आले की आमच्याकडील भरताचे वांगे जांभळे नसतेच. जळगावच्या ज्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते पोपटी-हिरवे, अंगावर पांढऱ्या रेषांचे आणि चांगले दांडगे असते. बालपणापासून ते खात आलो, परंतु चित्रातले वांगे जांभळे असते या शालेय फर्मानापुढे ताटातल्या पुराव्याची मात्रा चालली नव्हती. जांभळ्याची सगळी विद्या खानदेशच्या हद्दीत निरुपयोगी ठरली.

हिरव्यासाठी पुन्हा पहिल्यापासून उमेदवारी. लेमन यलोत प्रशियन ब्लूचा थेंब टाकला की जो हिरवा निघतो तो वांग्याचा नसून लग्नाच्या मांडवावरील पताकेचा असतो. त्याचा माज उतरवावयास क्रिमसनचा टोकभर अंश लागतो, आणि तो टोकभरच लागतो. पांढऱ्या रेषा रंगवावयाच्या नसतात, त्या कागदाच्याच राखून ठेवावयाच्या असतात. काळी नळी मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात जप्त केली होती. छायेचा करडा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या तडजोडीतून काढावा, असा त्यांचा दंडक. मी अजिंठ्याचा दाखला काढला. तेथील चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरा, काजळी, आणि दूर बदख्शानाहून आलेल्या लाजवर्दाचा निळा एवढ्या सामग्रीवर बोधिसत्त्व उभे केले. त्यांना काजळी चालली, मग मलाच मनाई का? मास्तर शांतपणे म्हणाले, “तुमचं अजिंठा झालं की तुम्हालाही चालेल.” अपील फेटाळले गेले.

घरात शेवटी एक तहनामा झाला. भाजी सकाळी साडेनऊपर्यंत चित्रकाराच्या ताब्यात, त्यानंतर कोणत्याही सबबीवर मुदतवाढ नाही. पितळी भांडी फक्त घासलेली मिळतील, धूळ मागू नये. ब्रश धुण्याची वाटी व आमटीची वाटी यांत कायमचा भेद राखावा. या अटींवर गेल्या पौषात एका सकाळी मी एकच मोठे वांगे मांडून बसलो. त्याच्या उजव्या बाजूस, खालच्या फुगवट्यावर, हिरव्यात पिवळटपणा काही केल्या हटेना; मी तो दिसला तसा घातला, आणि घातल्यावर लेमन यलो जास्त झाला असे वाटून कागद फाडण्याच्या विचारात होतो, इतक्यात साडेनऊ वाजले आणि सौभाग्यवती ताबा घेण्यास हजर झाल्या. वांगे उचलण्यापूर्वी त्यांची नजर कागदावर गेली. माझ्या कोणत्याही चित्रावर त्यांनी आजवर ‘झालं का?’ याखेरीज अभिप्राय दिलेला नव्हता. त्या वाकल्या, नीट पाहिले, आणि म्हणाल्या, “अहो, हे वांगं जून आहे. बी धरलंय त्यानं. भरताला नाही चालायचं.”

“कोणतं? हे का टेबलावरचं?”

“टेबलावरचं कुठं पाहिलं मी अजून? हे कागदावरचं.”

मग त्यांनी खात्रीसाठी टेबलावरचे उचलले आणि विळीवर घेतले. आत देठापासून बुडापर्यंत बी भरले होते. कळण्याच्या भाकरीचे पीठ भिजवून झालेले होते, त्यामुळे त्या दिवशी भाकरीबरोबर पिठले झाले.